अंधार पडला की कॅमेरे गायब – पीओई स्विच खरंच गेलाय का?

वारजेकर | १२ जून, २२:१०

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत या वर्षी सीसीटीव्हीचं खातं माझ्याकडे आलंय. दोन पीओई स्विच आहेत (लॅनच्या वायरीतूनच कॅमेऱ्याला वीज देणारे), दोन्ही आठ पोर्टचे. एक ए विंगच्या मीटर रूममध्ये, दुसरा क्लबहाऊसमध्ये, तिथेच एनव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा). ए विंगच्या स्विचवर सहा कॅमेरे, पाच साधे बुलेट आणि एक फिरणारा पीटीझेड. क्लबहाऊसवाल्यावर तीनच.

दिवसा सगळ्यांचं चित्र व्यवस्थित येतं. संध्याकाळी अंधार पडला की ए विंगचे दोन कॅमेरे (पोर्ट ५ आणि ६) जातात, थोड्या वेळाने येतात, परत जातात, रात्रभर हेच. आणि गेटवरचा कॅमेरा, जो पोर्ट ३ वर आहे, त्याचं वेगळंच, तो रात्री मधूनच रीस्टार्ट होतो आणि पाऊस पडला की जास्तच. मेंटेनन्सवाले म्हणतात स्विच गेला, सोळा पोर्टचा नवीन घ्या. पैसे सगळ्यांचे आहेत आणि पुढच्या मीटिंगमध्ये मला उत्तर द्यायचंय, म्हणून आधी नीट समजून घ्यावं म्हटलं. स्विच खरंच गेला असेल का? आपल्याला आपलं काय काय तपासता येईल? मी कॉमर्सवाला, त्यामुळे जरा फोड करून सांगा.

सोलापुरी_चादर | १२ जून, २२:२१

पेशंटला हात न लावता थेट ऑपरेशनची तारीख दिली म्हणायची 😀 थांबा, जाणकार येतीलच.

नाना_वायरमन | १२ जून, २२:४८

वारजेकर, स्विच जायचा असता तर तो दिवसरात्र बघत बसला नसता. अंधार पडल्यावरच कॅमेरे जातात यातच अर्धं उत्तर आहे. अंधारात कॅमेऱ्याचे आयआर एलईडी, म्हणजे रात्री बघायचे इन्फ्रारेड दिवे, लागतात आणि त्याची भूक वाढते. दिवसा चार-पाच वॅटवर चालणारा बुलेट रात्री आठ-नऊ वॅट खातो, पीटीझेडचं तर विचारूच नका.

उद्या मीटर रूममध्ये जाऊन एवढंच करा. स्विचचा जो ऍडॉप्टर आहे, काळा ठोकळा, त्याच्या लेबलचा फोटो काढा. स्विचच्या खोक्यावर काय लिहिलंय ते बघू नका, ऍडॉप्टरचं लेबल बघा. व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतील, त्यांचा गुणाकार करा आणि इथे टाका. सहाही कॅमेऱ्यांचे मॉडेल नंबर मिळाले तर डेटाशीटमध्ये जास्तीत जास्त किती वॅट ते पण बघा.

शंकासुर_०७ | १२ जून, २३:०५

धाग्यात घुसतोय, माफी. पीओई पोर्टमध्ये चुकून लॅपटॉप किंवा टीव्ही लावला तर ४८ व्होल्टने जळणार नाही का? ही भीती माझी कायमची आहे.

नीलिमा_हिंजवडी | १२ जून, २३:३२

@शंकासुर, मानकातला पीओई असेल तर नाही जळणार. स्विच आधी सरळ ४८ व्होल्ट सोडतच नाही. तो २.७ ते १० व्होल्टच्या दरम्यान छोटासा दाब देऊन बघतो की पलीकडे साधारण २५ किलोओहमचा रेझिस्टर दिसतोय का. पीओईवर चालणाऱ्या प्रत्येक उपकरणात तो असतोच, लॅपटॉपमध्ये नसतो. दिसला तर पुढची पायरी, १५ ते २० व्होल्टवर क्लास विचारायचा, म्हणजे तुला साधारण किती लागणार ते सांग. मग कुठे पूर्ण व्होल्टेज. चालू झाल्यावरही तो लक्ष ठेवून असतो, पलीकडून किमान करंट ओढला जात नसेल तर अर्ध्या सेकंदाच्या आत पुरवठा बंद.

भीती बाळगायची ती पॅसिव्ह पीओईची. त्यात हे विचारणं वगैरे काही नाही, इंजेक्टर (लॅनच्या वायरीत वीज घालणारा छोटा डबा) लावला की वायरवर व्होल्टेज आलंच, समोर कोण आहे याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. युबिक्विटीच्या जुन्या नॅनोस्टेशनला २४ व्होल्टचा तसला इंजेक्टर यायचा, मायक्रोटिकच्या बऱ्याच बोर्डांना पण. चांगल्या वस्तू आहेत, फक्त तो इंजेक्टर ड्रॉवरमध्ये इतर ऍडॉप्टरांत मिसळू देऊ नका, त्यावर मार्करने लिहून ठेवा.

वारजेकर, तुमच्यासाठी आकडे देऊन ठेवते, कामाला येतील. २००३ चं ८०२.३एएफ, स्विचकडून १५.४ वॅट, केबलमधली घट धरून कॅमेऱ्यापाशी १२.९५. २००९ चं ८०२.३एटी, ३० वॅट, पोचतात २५.५. २०१८ चं ८०२.३बीटी, त्यात ६० आणि ९० वॅटचे दोन प्रकार. तुमचा पीटीझेड बहुतेक एटीवाला असणार. पण हे सगळे आकडे एका पोर्टचे आहेत. आठ पोर्ट गुणिले ३० वॅट असं कुठलाही स्वस्त स्विच देत नाही, सगळ्या पोर्टांचं मिळून वॅटचं एकूण बजेट वेगळं असतं आणि सगळा घोळ तिथेच होतो.

मिरामार | १३ जून, ०८:१५

नीलिमाताईंना +१. पणजीजवळ आमचं होमस्टे आहे. एक इंस्टॉलर पॅसिव्ह इंजेक्टर तसाच पॅच कॉर्डसकट टेबलावर सोडून गेला होता, पाहुण्याने साधी लॅनची वायर समजून लॅपटॉपला लावली आणि त्याचा लॅन पोर्ट गेला. भरपाई आम्हीच केली. तेव्हापासून गेस्ट रूममध्ये पॅसिव्ह काहीही ठेवायचं नाही असा नियम आहे.

वारजेकर | १३ जून, १३:४०

नाना, फोटो काढला. ऍडॉप्टरवर ४८ व्होल्ट १.२५ अँपिअर लिहिलंय, म्हणजे ६० वॅट. खोक्यावर मात्र मोठ्या अक्षरात प्रत्येक पोर्ट ३० वॅट!! बुलेटच्या डेटाशीटला कमाल ८ वॅट, पीटीझेडला आयआरसकट २० वॅट.

नाना_वायरमन | १३ जून, १४:०२

झालं की मग. पाच आठे चाळीस अधिक वीस, साठ. ऍडॉप्टर साठचा, त्यातले तीन-चार वॅट स्विच स्वतःच खातो. दिवसा सगळे मिळून तीसच्या आसपास असतील म्हणून काही कळत नाही. रात्री आयआर लागले की बजेट ओलांडतं आणि स्विच कोणाला तरी खाली उतरवतो. बऱ्याच साध्या स्विचमध्ये मोठ्या नंबरच्या पोर्टला आधी काढतात, म्हणून तुमचे ५ आणि ६ जातात. ते गेले की भार उतरतो, मग स्विच परत त्यांना घ्यायला बघतो, कॅमेरा बूट होतो, आयआर लागतो, परत बजेट ओलांडतं. रात्रभर हेच चालणार. स्विच बिचारा अगदी बरोबर काम करतोय.

खात्री करायची असेल तर आज संध्याकाळी पीटीझेडची वायर काढून ठेवा. ५ आणि ६ रात्रभर टिकले तर शंका संपली.

पण गेटचा कॅमेरा यात बसत नाही. तो पोर्ट ३ वर आहे आणि पावसात जास्त बिघडतो. तो वेगळा आजार आहे, एकात एक मिसळू नका. त्याची केबल किती लांब? मध्ये जोड आहे का?

रत्नांग्री | १३ जून, १४:३०

पावसात जास्त म्हणजे पाणी. आमच्याकडे खाऱ्या हवेत हे रोजचंच आहे. कॅमेऱ्याच्या शेपटीला जो आरजे-४५ (लॅनचा कनेक्टर) असतो तो उघडून बघा. पिना हिरव्या-काळ्या झालेल्या दिसतील. त्यावर कायम ४८ व्होल्ट डीसी असतो, त्यात ओल गेली की तांबं झरझर गंजतं, नुसत्या डेटाच्या वायरीपेक्षा कितीतरी लवकर.

आणि मला सगळ्यात राग येतो तो या गोष्टीचा: प्रत्येक बाहेरच्या कॅमेऱ्याच्या खोक्यात एक वॉटरप्रूफ टोपी येते, आटे असलेलं प्लॅस्टिकचं नळकांडं, आत रबराची रिंग आणि एक फिरकी. ती क्रिम्प (वायरीच्या टोकाला प्लग दाबून बसवणं) करायच्या आधी वायरमध्ये ओवावी लागते. लावणाऱ्याला घाई असते, तो आधी क्रिम्प करतो, मग टोपी जात नाही म्हणून खोक्यातच ठेवतो आणि वर काळी टेप गुंडाळतो. टेपच्या आत पाणी जातं आणि तिथेच साचून राहतं. खोकी टाकली नसतील तर बघा, टोप्या आतच सापडतील. कनेक्टर लावताना आत डायइलेक्ट्रिक ग्रीस, वायर कॅमेऱ्याच्या खाली लोंबती वळवून वर न्यायची म्हणजे पाणी टोकावरून ठिबकून जातं, आणि जंक्शन बॉक्सचं वायर शिरायचं भोक कायम खालच्या बाजूला. एवढं केलं तरी कोकणात चार पावसाळे निघतात.

अमोघ_एनएमएस | १३ जून, १५:११

गेटची केबल सीसीए असणार, पैज. तांब्याचा मुलामा दिलेलं ऍल्युमिनियम. पीओईला सीसीए म्हणजे व्होल्टेज ड्रॉप, विषय संपला. सगळी केबल उपटून काढा.

नीलिमा_हिंजवडी | १३ जून, १७:२६

अमोघ, सीसीए वाईटच, पण हिशोब करून बघूया का? २४ गेजच्या शुद्ध तांब्याच्या एका वायरचा रेझिस्टन्स १०० मीटरला साधारण साडेआठ ओहम. पीओईत जायला दोन वायरी आणि यायला दोन, त्यामुळे १०० मीटरचा जाऊन-येऊन साडेआठच धरा. सीसीएचा त्याच्या दीडपट-पावणेदोनपट, म्हणजे १३-१४. आठ वॅटच्या कॅमेऱ्याला पाव अँपिअरसुद्धा लागत नाही. म्हणजे घट फार तर अडीच व्होल्ट. ४८ मधून अडीच गेले म्हणून कॅमेरा बंद पडत नाही, एएफच्या उपकरणाने ३७ व्होल्टपर्यंत चालायला हवं.

सीसीएचा खरा त्रास तीन ठिकाणी. एक, ती अनेकदा लिहिलेल्या गेजची नसतेच, २६-२७ गेजची, म्हणजे अजून बारीक, निघते. दोन, ऍल्युमिनियम वाकवलं की तुटतं, क्रिम्पमध्ये अर्धवट तुटलेली वायर टेस्टरवर पास होते. तीन, कापलेल्या टोकाला हवा लागली की ऍल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर येतो आणि जोडात रेझिस्टन्स चढतो. म्हणून मी नानांच्याच प्रश्नाकडे परत येते, मध्ये जोड आहे का? शिवाय कॅमेरा ठरलेले वॅट ओढणारच. व्होल्टेज कमी झालं की तो जास्त करंट ओढतो, त्याने घट अजून वाढते. सीमेच्या जवळ आला की एकदम कोसळतो, हळूहळू मंद होत नाही.

अमोघ_एनएमएस | १३ जून, १७:५०

आकडे पटले. पण बीटीवर किंवा ३० वॅटच्या पीटीझेडला तुमचाच हिशोब भारी पडेल, तिथे पाऊण अँपिअरच्या जवळ जातो आपण. त्यामुळे नवीन कामात सीसीए नकोच, यावर मी ठाम आहे.

नीलिमा_हिंजवडी | १३ जून, १७:५८

त्यावर मी पण ठाम. तिथे आपलं एकमत आहे.

पाहुणा_संपादक | १३ जून, १८:२०

सीसीए ओळखायची कशी? खोक्यावर तर सगळेच कॅट सिक्स लिहितात.

नाना_वायरमन | १३ जून, १८:४४

एक वायर सोला आणि ब्लेडने हलकं खरवडा. आत पांढरट चंदेरी निघालं तर सीसीए, तांबं आतपर्यंत लालच असतं. दुसरं, ३०५ मीटरचं खोकं उचलून बघा, तांब्याचं खोकं हाताला जड लागतं, सीसीएचं चटकन उचलतं. दुकानात दोन्ही शेजारी ठेवून उचला म्हणजे लगेच कळेल.

बाय द वे अजून एक जुनं दुखणं. पूर्वी १०० एमबीला चारच वायरी लागतात म्हणून एकाच केबलमधून दोन कॅमेरे काढायची पद्धत होती. चार वायरी याला, चार त्याला. स्विच मोड ए चा असेल, म्हणजे पॉवर १-२ आणि ३-६ वरून जाणारी, तर ते चालून जातं. पुढे स्विच बदलतो किंवा इंजेक्टर लावतो आणि तो मोड बी चा निघतो, ४-५ आणि ७-८ वरून पॉवर देणारा. त्या वायरी तर दुसऱ्या कॅमेऱ्याकडे गेल्यात! मग म्हणतात इंजेक्टर खराब. आठही वायरी एकाच ठिकाणी क्रिम्प करा, कायमची कटकट जाते.

वारजेकर | १३ जून, २३:५५

पीटीझेड काढून ठेवला होता. ५ आणि ६ संध्याकाळपासून एकदाही गेले नाहीत!! नाना, तुम्ही नाशकात बसून माझ्या मीटर रूममधलं सांगितलंत. गेटची केबल साधारण ८० मीटर आहे, मध्ये वॉचमन केबिनच्या मागे जंक्शन बॉक्स आहे म्हणतात, उद्या उघडतो.

एक शंका. मी मल्टीमीटर आणून स्विचच्या रिकाम्या पोर्टला वायर लावून दुसऱ्या टोकाला व्होल्ट मोजायचा प्रयत्न केला, काहीच नीट दिसेना, आकडा थोडा हलतो आणि शून्य. म्हणजे तो पोर्ट गेलाय का?

नीलिमा_हिंजवडी | १४ जून, ००:१२

नाही नाही, पोर्टला काही झालेलं नाही. वर शंकासुरना सांगितलं तेच. पलीकडे २५ किलोओहम दिसल्याशिवाय स्विच पॉवर देत नाही, तुम्हाला जो आकडा हलताना दिसला तो त्याचा शोध घेणारा छोटा पल्स होता. उलट ते हलणं म्हणजे पोर्ट जिवंत असल्याची खूण आहे. नुसत्या मल्टीमीटरवर कित्येक चांगले पोर्ट मेलेले ठरवले जातात. दोन बाजूंना सॉकेट असलेला पीओई टेस्टर मिळतो, तो केबल आणि कॅमेऱ्याच्या मध्ये लावायचा, चालू कॅमेऱ्यावर व्होल्ट आणि वॅट दोन्ही दिसतात. आणि रीडिंग कॅमेऱ्याच्या टोकाला घ्यायचं, रात्री, आयआर चालू असताना. दिवसाच्या रीडिंगचा या बाबतीत काही उपयोग नाही.

वर्ध्याचा_मास्तर | १४ जून, ०७:३०

विषय निघालाच आहे तर विजेचं पण बोला कोणीतरी. आमच्या शाळेच्या दोन इमारतींमध्ये तांब्याची लॅन वायर होती, मेच्या शेवटच्या वादळात दोन्हीकडचे स्विच आणि तीन कॅमेरे गेले. वीज थेट पडली नव्हती, बाजूच्या शेतात पडली.

अमोघ_एनएमएस | १४ जून, ०९:०५

मास्तर, दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं. जवळ वीज पडली की दोन्हीकडच्या जमिनीच्या पोटेन्शियलमध्ये प्रचंड फरक पडतो आणि त्यांना जोडणारी तुमची लॅन वायर हाच सोपा रस्ता मिळतो. मानकात १५०० व्होल्टचं आयसोलेशन आहे, पण विजेपुढे ते कुठे पुरणार. दोन इमारतींमध्ये फायबरच टाका, दोन्हीकडे एसएफपी (फायबर लावायच्या) पोर्टचे स्विच किंवा मीडिया कन्व्हर्टर. काचेतून करंट जात नाही. खांबावरच्या कॅमेऱ्याला पीओई सर्ज प्रोटेक्टर लावा, पण त्याची हिरवी वायर खरोखरच्या अर्थिंगला गेली पाहिजे. ती वायर गुंडाळून डब्यात ठेवलेली मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की आता आधी तीच बघतो.

वर्ध्याचा_मास्तर | १४ जून, ०९:४०

फायबरचं पटलं. शाळा समितीपुढे मांडतो. धन्यवाद.

इस्लामपूरकर | १४ जून, ११:२२

आमच्या दुकानात लाईट गेली की इन्व्हर्टरवर जाताना सगळे कॅमेरे रीस्टार्ट होतात. दोन मिनिटं रेकॉर्डिंग नाही. स्विचचा दोष का?

नाना_वायरमन | १४ जून, ११:३५

इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे एक बटण असतं, यूपीएस मोड आणि नॉर्मल किंवा इको मोड. यूपीएसवर टाका, बदल चटकन होतो. तरीही होत असेल तर स्विच आणि एनव्हीआरपुरता छोटा यूपीएस लावा.

म्युनिकवासी | १४ जून, १४:१०

कॅमेऱ्यांच्या गर्दीत वायफायवाल्यांचं पण ऐका. इथे ऑफिसात नवीन वायफाय ६ई चे ऍक्सेस पॉइंट लावले, स्विच जुने एएफचे. पॉइंट चालू झाले, दिवे लागले, सगळे खूश. नंतर तक्रारी की वेग मिळत नाही. कारण पॉवर कमी मिळाली तर असे बरेच पॉइंट बंद न पडता काही रेडिओ किंवा काही अँटेना बंद ठेवून चालतात. पॉइंटच्या पानावर ‘लो पॉवर’ अशी एक बारीक ओळ असते, ती कोणी वाचत नाही.

मॅनेज्ड स्विच (लॉगिन करून सेटिंग बदलता येतं असा) असेल तर एलएलडीपी चालू आहे ना ते पण बघा. त्यावरून उपकरण स्विचला नेमके वॅट मागतं. एलएलडीपी बंद असला तर एटीचा स्विच असूनही काही उपकरणं एएफच्या मर्यादेतच अडकतात.

नीलिमा_हिंजवडी | १४ जून, १५:३३

हे अगदी खरं. सिस्कोवर ‘शो पॉवर इनलाइन’ टाकलं की कुठल्या पोर्टला कुठला क्लास, किती वॅट दिले, एकूण किती शिल्लक, सगळं एका पानावर. तिथेच पोर्टची प्रायॉरिटी पण ठरवता येते आणि मी कायम गेट आणि लिफ्टचे कॅमेरे वर ठेवते. आणि रात्री अडीचला शिडी लावण्याऐवजी पोर्टची पॉवर बंद-चालू करून कॅमेरा घरून रीस्टार्ट करता येतो. मॅनेज्ड स्विचचे जास्तीचे पैसे मला तरी इथेच वसूल झालेले वाटतात.

एक खबरदारी, काही स्विचवर पीओई वॉचडॉग असतो, पोर्टवर काही वेळ ट्रॅफिक दिसलं नाही की तो आपणहून पॉवर तोडून जोडतो. चांगली सोय आहे, पण वेळ फार कमी ठेवली तर कॅमेऱ्याचं बूट पूर्ण व्हायच्या आत तो परत पाडतो, आणि आपण केबल तपासत बसतो.

सोलापुरी_चादर | १४ जून, १६:०१

आधी लेबल, मग पाकीट. एवढंच मी शिकलो. वाखू (वाचनखूण) साठवली.

पाहुणा_संपादक | १४ जून, १६:४५

आमच्या स्विचवर बाजूला एक छोटा खटका आहे, एक्स्टेंड लिहिलेला. कोणीतरी चालू केला होता. त्याने काय होतं?

अमोघ_एनएमएस | १४ जून, १७:०८

तो २५० मीटरपर्यंत जायला असतो, पण वेग १० एमबीवर उतरतो, काही स्विचवर सगळ्याच पोर्टांचा. चित्र अडकत येतंय, टेस्टर म्हणतो वायर ठीक, तर आधी हा खटका बघा. १०० मीटरच्या आत असाल तर बंद ठेवा. शेजारी व्हीलॅनचा खटका असेल तर त्याने कॅमेऱ्याचे पोर्ट एकमेकांपासून तुटतात, फक्त अपलिंकशी (एनव्हीआरकडे जाणाऱ्या पोर्टशी) बोलतात. मग त्याच स्विचला लॅपटॉप लावून कॅमेरा शोधलात तर सापडत नाही आणि माणूस वेड्यासारखा आयपी बदलत बसतो. एनव्हीआरच्या मागच्या पीओई पोर्टांचं पण तसंच, बऱ्याच एनव्हीआरमध्ये त्यांचं आतलं नेटवर्क वेगळं असतं, घरच्या राउटरवरून तो कॅमेरा थेट दिसणारच नाही. तो बिघाड नाही.

वारजेकर | १६ जून, २१:२०

मंडळी, सविस्तर सांगतो. वॉचमन केबिनच्या मागचा जंक्शन बॉक्स उघडला. भोक वरच्या बाजूला! आत तळाला पाणी. आठही वायरी हाताने पीळ देऊन जोडलेल्या, वर टेप, टेप काढली तर दोन जोड हिरवे पडलेले आणि एक बोट लावताच सुटला. वायर खरवडली, आत चंदेरी, म्हणजे सीसीए. कॅमेऱ्याच्या टोकाला रात्री टेस्टर लावला तर ३८ व्होल्ट आणि ८ वॅट, आकडा स्थिर नाही, मध्येच ३५-३६ दिसतो आणि कॅमेरा जातो. स्विचच्या टोकाला ४७ होते.

रत्नांग्रीकर, वॉटरप्रूफ टोप्या खरंच कपाटात सापडल्या, नऊच्या नऊ, पाकिटं न फोडलेली.

नीलिमा_हिंजवडी | १६ जून, २१:४१

वा, काय नेमकं रीडिंग दिलंत. ४७ मधून ३८, नऊ व्होल्ट गेले. आठ वॅट भागिले ३८, करंट ०.२१ अँपिअर. म्हणजे वाटेतला रेझिस्टन्स ४३ ओहमच्या आसपास. एएफमध्ये मर्यादा २० ओहमची आहे. ८० मीटर सीसीएचे दहा-अकरा धरा, उरलेले तीस ओहम त्या ओल्या जोडांत बसलेत. मीटिंगमध्ये हाच हिशोब फळ्यावर लिहा, कॉमर्सवाल्यांना वजाबाकी लगेच पटेल 🙂

नाना_वायरमन | १६ जून, २२:०५

आता काय करायचं ते. गेटला एकसंध, बाहेरची, शुद्ध तांब्याची केबल टाका, मध्ये जोड नको. जोड टाळणं अगदीच अशक्य असेल तर जेल भरलेले कनेक्टर, पीळ आणि टेप कधीच नाही. टोपी आधी ओवायची, मग क्रिम्प.

पीटीझेडला ३० वॅटचा वेगळा एटी इंजेक्टर द्या. तुमच्या स्विचला आठ पीओईशिवाय दोन अपलिंक पोर्ट असतील, एक एनव्हीआरकडे गेलाय, दुसरा रिकामा असेल तर त्यातून इंजेक्टरच्या डेटा इनला वायर घ्या आणि बाहेरची पीटीझेडला. मग स्विचवर पाच बुलेट, चाळीस वॅट. तीन-चार स्विचचे. साठात बसतं आणि उन्हाळ्यात ऍडॉप्टर तापला तरी श्वास घ्यायला जागा राहते. मी कधीही बजेटच्या पाऊण हिश्शापेक्षा जास्त भरत नाही. सोळा पोर्टचा स्विच घेतला असता तर त्याच्या बजेटकडे बघितलं असतं का कोणी? आणि गेटचा कॅमेरा त्यावरही पावसात पडलाच असता.

सुगरण_सातारा | १६ जून, २२:३०

माझ्या मिस्टरांना हा धागा वाचून दाखवला, ते सोसायटीत हेच खातं सांभाळतात. उद्या शिडी आणि टॉर्च घेऊन निघणार आहेत. सगळ्यांचे आभार.

वारजेकर | २२ जून, २२:१५

केबल बदलली, टोप्या घातल्या, इंजेक्टर लावला. गेटच्या टोकाला आयआर चालू असताना ४५.८ व्होल्ट, अजिबात हलत नाही. काल रात्री धो धो पाऊस होता, नऊही कॅमेरे सलग रेकॉर्डिंगला. नवीन स्विचचा विषय मीटिंगमध्ये अजेंड्यावरून काढला. मेंटेनन्सवाल्यांना पण सगळे आकडे दाखवले, त्यांच्या मुलाने टेस्टरचं नाव लिहून घेतलं, मला बरं वाटलं.

शंकासुर_०७ | २३ जून, १०:५०

धागा वर काढतोय, शेवटचा प्रश्न. घरी हॉलमध्ये ऍक्सेस पॉइंट आहे, पीओईवर व्यवस्थित चालतो, पण लिंक १०० वरच येते, हजारवर येत नाही. स्विच आणि पॉइंट दोन्ही गिगाबिट. पॉवर येतेय म्हणजे वायर ठीक असणार ना?

नीलिमा_हिंजवडी | २३ जून, ११:१५

तसं नाही. १०० ला १-२ आणि ३-६ एवढ्याच जोड्या पुरतात, आणि स्विच मोड ए चा असेल तर पॉवरही त्यावरूनच जाते. गिगाबिटला आठही लागतात. ४-५ किंवा ७-८ मधली एखादी वायर कुठेतरी सुटली असणार. आधी दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड बदलून बघा, मग भिंतीतलं सॉकेट उघडा, निळी जोडी आणि तपकिरी जोडी नीट बसली आहे का ते.

शंकासुर_०७ | २३ जून, १९:३५

सॉकेटमध्ये तपकिरी वायर पट्टीच्या वरच राहिली होती, आत दाबलीच नव्हती. दाबली, लिंक १००० वर. आभार ताई.

नाना_वायरमन | २३ जून, १९:५२

पंच टूलने दाबलीत ना? स्क्रू ड्रायव्हरने दाबली असेल तर पट्टी फाकते आणि काही महिन्यांनी परत सुटते. टूल नसेल तर कोणाकडून तरी मागून आणा आणि आठही वायरी एकदा परत दाबून घ्या.